घरची सय

दहिवडीजवळच्या एका वाडीतला मुलगा बारावी पास झाला. पुण्याच्या कॉलेजात त्याला जागा मिळाली. वसतिगृहात खोलीही मिळाली. सारी वाडी त्याला यष्टीवर पोचवायला गेली.

आठ दिवस झाले. रात्री त्याचा फोन आला.

"आई, मला इथं करमत न्हाई. जेवण जात न्हाई. परत येऊ का?"

आईच्या पोटात कालवलं. ती म्हणाली, "ये बाबा, उद्याच्या गाडीनं ये."

बापानं तिच्या हातातून फोन घेतला. "एवढा घोडा झालास अन् रडतोस? गप तिकडंच राहा!" आणि फोन बंद केला.

मंडळी, माया दोघांचीही खरी. पण दोघांचंही चुकलं. लगेच बोलावलं, तर पोराला वाटतं, आपल्याला हे जमायचंच नाही. झिडकारलं, तर ते पुढं काही सांगतच नाही. मनात कुढत बसतं.

कांद्याचं रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात लावलं, की ते मान टाकतं. म्हणून आपण ते पुन्हा उपटतो का? पाणी तरी तोडतो का? मूळ धरायला त्याला दिवस लागतात. पोराचंही तसंच. पहिले काही आठवडे जड जातात. दिवस वर्गात निघून जातो. संध्याकाळ आणि रविवार खायला उठतात. सणाला घरी येऊन परत गेलं, की पुन्हा थोडे दिवस तीच गत.

हे काही आजचं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. खेड्यापाड्यांतली, निरनिराळ्या जातींची पोरं तिथं एका पंगतीला जेवत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या पोरांची आईच झाल्या. पोरांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रसुद्धा मोडलं. घर सोडून आलेल्या पोराला 'जेवलास का?' असं विचारणारं माणूस लागतं. आजच्या मोठ्या वसतिगृहात ते कुठून आणायचं?

आपल्या वाडीतल्या आईनं रात्रभर विचार केला. सकाळी तिनं पोराला फोन लावला. "दिवाळीपर्यंत राहा. दर बुधवारी आणि रविवारी आपण बोलू. खोलीतला दुसरा पोरगा कोण? त्याला घेऊन जेवायला जात जा. एकटा जेवू नको."

मग तिनं पत्र लिहायला घेतलं. ती साक्षरतेच्या वर्गात नुकतीच लिहायला शिकली होती. दोन ओळींना एक घटका लागली.

"चिरंजीव बाळास आईचा आशीर्वाद. तांबडी गाय व्याली. कालवड झाली. कपाळावर पांढरा ठिपका आहे. नाव तू ठेवायचं. आजीचा गुडघा दुखतो, तरी ती रानात जाते. त्या रात्री तुझे बाबा जेवले नाहीत. मला सासरी आल्यावर महिनाभर करमत नव्हतं. विहिरीवर जाऊन रडत होते. मग जावेशी गट्टी जमली."

दोन वेलांट्या चुकल्या होत्या. चुकू देत! या पत्रात उपदेश नाही, घर आहे. आजीचं दुखणंही तिनं लपवलं नाही. घरचे काही लपवतात असं वाटलं, की पोराचा घोर वाढतो. आणि फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. पत्र उशाखाली राहतं.

पण एक गोष्ट नीट विचारून घ्या. कुणी छळत तर नाही ना? नव्या मुलांच्या छळाला रॅगिंग म्हणतात. महाराष्ट्रात १९९९ सालापासून त्याविरुद्ध कायदा आहे. तसं असेल तर प्राचार्यांकडे लेखी तक्रार करा. आणि आठवडे लोटले तरी पोर जेवत नसेल, झोपत नसेल, वर्गात जात नसेल, तर पहिल्या गाडीनं स्वतः जा. डॉक्टरांना दाखवा. 'जगून काय करू' असं बोललं, तर त्याला एकटं सोडू नका. सरकारनं २०२२ साली 'टेली-मानस' ही सोय सुरू केली. १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस फुकट बोलता येतं, मराठीतही.

पुढच्या बुधवारी फोन वाजला. या वेळी बापानंच आधी उचलला.

"जेवलास का रं?"

पलीकडं पोरगा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "जेवलो. बाबा, कालवडीचं नाव चांदणी ठेवा. अन् आईला सांगा, शेंगदाण्याची चटणी जास्त पाठव. खोलीतला पोरगा बीडचा आहे. अर्धी त्यानंच संपवली."