‘आपल्याला सहा तास पुरतात!’

आमच्या होस्टेलवर ‘काल किती वाजता झोपलास?’ हा प्रश्न मार्क विचारावेत तसा विचारतात. जितका उशीर तितकी इज्जत जास्त! ‘चार वाजता’ म्हणणारा हिरो आणि साडेदहाला दिवा मालवणारा सगळ्यांच्या थट्टेचा विषय. पण खरी मेजॉरिटी मधल्या मंडळींची. ही मंडळी म्हणतात, “आपल्याला सहा तास पुरतात राव, सवय झालीय.”

मित्रहो, हा लेख याच वाक्याबद्दल आहे. अख्खी नाईट मारल्यावर दुसऱ्या दिवशी डोकं चालत नाही, हे कोणाला सांगावं लागत नाही. पण सहा तासांची खरंच सवय होते का? हा प्रश्न मतं मांडण्याचा नाही, मोजण्याचा आहे. आणि तो मोजून झालेला आहे.

२००३ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हॅन डाँगेन, डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांचे गट केले. एका गटाला रात्री ८ तास, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ४ तास झोपू दिलं, तेही सलग १४ रात्री. (आपली पी.एल. साधारण एवढीच असते, हा योगायोग!) दिवसा पुन्हा पुन्हा एक साधी चाचणी घ्यायची. समोर खूण उमटली की बटण दाबायचं, सलग १० मिनिटं. खूण कधी उमटेल ते सांगता येत नाही. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ लागला की ती ‘चूक’ धरायची.

आठ तासवाले शेवटपर्यंत जवळपास होते तसेच राहिले. सहा तासवाल्यांच्या चुका रोज थोड्या थोड्या वाढत गेल्या आणि दोन आठवड्यांनी त्यांची अवस्था एक अख्खी रात्र न झोपलेल्या माणसासारखी झाली. चार तासवाल्यांची दोन रात्री जागल्यासारखी. पण मला खरा धक्का बसला तो पुढे. या लोकांना ‘झोप येतेय का?’ असंही विचारत होते. पहिले काही दिवस ते ‘हो’च्या बाजूला सरकले, नंतर तो आलेख जवळजवळ आडवा झाला. म्हणजे चुका वाढताहेत, आणि माणूस मात्र म्हणतोय, “ठीक आहे, जमतंय.” सवय होते ती फक्त पेंगुळलेपणाची. मीटरचा काटा अडकला म्हणून व्होल्टेज स्थिर आहे असं आपण लॅबमध्ये म्हणू का?

तसंच नाईट मारल्यावर सकाळी नऊ-दहाला अचानक फ्रेश वाटतं, त्याचं. झुरिचच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेलं मॉडेल आपल्याला पटकन समजेल. जागं असताना झोपेचा दाब कपॅसिटर चार्ज व्हावा तसा चढत जातो आणि झोपेत डिस्चार्ज होतो. दुसरीकडे शरीराचं घड्याळ चोवीस तासांची लाट फिरवत असतं. पहाटे चारला ही लाट तळाशी असते, म्हणून तेव्हा मान टाकली जाते. सकाळी ती वर येते आणि बरं वाटतं. कपॅसिटर मात्र भरलेलाच असतो. टपरीवरचा कडक चहासुद्धा तो रिकामा करत नाही. मेंदूत साचलेल्या अ‍ॅडेनोसिनचा निरोप पोचू नये म्हणून कॅफिन फक्त दार अडवून बसतं. आणि रात्री अकराला घेतलेल्यातलं साधारण निम्मं कॅफिन पहाटे चारलाही अंगात असतं.

विश्वास नसेल तर ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. मित्राने ती उभी धरायची, तुमची दोन बोटं शून्यापाशी उघडी ठेवायची आणि त्याने न सांगता सोडायची. २० सेंटिमीटरवर पकडलीत तर ०.२० सेकंद, ३० वर पकडलीत तर ०.२५, सूत्र अकरावीचंच आहे. आमच्या खोलीत हा खेळ बरेच दिवस चालला. कमी झोपेनंतर सरासरी फार हलत नाही बरं का! फक्त मध्येच एकदा पट्टी सरळ फरशीवर पडते आणि धरणारा नुसता बघत राहतो. सरासरी काढली की ती एक वेळ झाकली जाते. लेथवर किंवा रस्त्यावर तेवढी एकच वेळ पुरते.

रस्त्याचं मुद्दाम लिहितो, कारण शेवटचं सबमिशन झालं की त्याच संध्याकाळी बाईक काढून गावी निघणारे प्रत्येक मजल्यावर आहेत. ताशी ६० किलोमीटर वेगाने अर्ध्या सेकंदात गाडी ८ मीटर पुढे जाते. डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते. आपल्या कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. फरक इतकाच, की झोपेसाठी पोलीस फुंकर मारायला लावत नाहीत.

“रविवारी भरून काढतो” हेही तपासलेलं आहे. २००३ मध्येच अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेत आठवडाभर ३, ५ किंवा ७ तास झोपलेल्यांना नंतर तीन रात्री ८-८ तास दिले, तरी त्यांची कामगिरी पूर्ववत झाली नाही. तेव्हा सबमिशननंतर एक रात्र होस्टेलवरच काढा आणि सकाळी एस.टी.ने जा. बाईक पुढच्या खेपेला. दुपारी डुलकी घ्यायची तर वीसेक मिनिटांचीच. गाढ झोप लागल्यावर उठलात तर डोकं आणखी जड होतं.

सरांनाही एक विनंती. या वयात शरीराचं घड्याळच थोडं मागे धावतं, त्यामुळे आठच्या प्रॅक्टिकलची किंमत झोपेच्या शेवटच्या तासांतून वळती होते. निदान जर्नल तपासणीची वेळ सोमवारी सकाळी आठऐवजी दुपारी तीनची ठेवता येईल का? जर्नल लिहिणारे रविवारी रात्रीच लिहितील हे मान्य, पण लिहून झाल्यावर थोडे झोपतील तरी.