सात शिडं, एक इंजिन आणि सुटीचा शेवटचा दिवस

प्रश्न : माझा पुतण्या डिसेंबरात इंडोनेशियातल्या राजा अंपात बेटांकडे ‘लिव्हअबोर्ड’ सफरीला जाऊन आला. सात रात्री जहाजावरच मुक्काम आणि रोज स्कूबा डायव्हिंग. जहाज जुन्या धर्तीचं, लाकडी, जाहिरातीत सातही शिडं फुगलेली. प्रत्यक्षात शिडं एकदाच तासभर उघडली, तीही फोटोपुरती. बाकी सगळा वेळ इंजिन घरघरत होतं. वर शेवटचा अख्खा दिवस कुणालाच पाण्यात उतरू दिलं नाही. पैसे मात्र पूर्ण घेतले. ही फसवणूक नव्हे का? आता मुलगी मला म्हणते, ‘बाबा, तुम्हीही चला.’ मी तारकर्लीला एकदा स्कूबा केलेलं आहे. वय ५२. जावं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पुतण्याच्या दोन तक्रारींपैकी पहिली निम्मी खरी आहे, दुसरी अजिबात खरी नाही. तुमच्या जाण्याचं उत्तर या दुसऱ्या तक्रारीतच दडलेलं आहे, म्हणून क्रमाने जाऊ.

शिडं फक्त फोटोसाठीच का?

या जहाजाला पिनिसी म्हणतात. खरं तर पिनिसी हे जहाजाचं नाव नसून शिडांच्या मांडणीचं नाव आहे : दोन डोलकाठ्या, बहुधा सात शिडं. युरोपीय स्कूनर जहाजांची शिडं पाहून सुलावेसी बेटाच्या दक्षिण टोकावरच्या लोकांनी ती आपल्या बोटींवर स्वतःच्या पद्धतीने बसवली. त्यात एक गंमत आहे. मोठ्या शिडाचा वरचा तिरका वासा कायम उभारलेलाच असतो. वारा वाढला की शीड खाली उतरवत नाहीत, खिडकीचा पडदा सारावा तसं डोलकाठीकडे ओढून घेतात.

१९७०च्या दशकात या मालवाहू जहाजांवर इंजिनं चढली आणि शिडांचं काम कमी होत गेलं. आपल्याकडच्या मचव्यांचंही हेच झालं. आजच्या सफरीच्या जहाजांत अनेकदा शिडं इतकी लहान आणि वरचे मजले इतके जड असतात की नुसत्या वाऱ्यावर ती धड चालणारही नाहीत.

पण समजा, चालली असती, तर काय झालं असतं? आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गवैज्ञानिक १८५६च्या डिसेंबरात मकासरहून सुलावेसीच्याच खलाशांच्या ‘प्राऊ’ या शिडाच्या बोटीतून पूर्वेला आरू बेटांकडे निघाला. डेकवर गवताने शाकारलेली छोटी खोली होती, तीत त्याचा मुक्काम. पश्चिमेच्या मोसमी वाऱ्याने गेला, आणि वारा उलटल्यावर पुढच्या जुलैत मकासरला परतला. वॉलेसकडे वाऱ्यासाठी थांबायला सहा महिने होते, तुमच्या पुतण्याकडे सात रात्री. सोरोंग बंदरातून निघालेलं जहाज उजाडायच्या आत मिसूल बेटाच्या खडकांपाशी पोचवायचं, तर इंजिनाला पर्याय नाही. पाण्यात माणसं उतरलेली असताना जहाज वाऱ्याच्या भरवशावर सोडणं तर धोक्याचंच. तेव्हा जाहिरातीतली शिडं शोभेची होती हे खरं. तेवढी तक्रार मान्य.

मग जहाजात खरं काय?

त्याचा सांगाडा. बुलुकुंबा जिल्ह्यातल्या ताना बेरूच्या किनाऱ्यावर माडांच्या सावलीत ही जहाजं बांधतात. युरोपीय रीत म्हणजे आधी बरगड्यांचा पिंजरा आणि मग त्यावर फळ्या. इथे उलटं. आधी कणा टाकायचा. मग फळीला फळी कडेने लावत, लाकडी खुंट्या ठोकत जहाजाचं टरफल उभं करायचं. बरगड्या आतून बसवायच्या त्या नंतर. कागदावर नकाशा नाही. कुठली फळी किती वाकवायची, ते मुख्य कारागिराच्या डोक्यात. त्याला ‘पनरिता लोपी’ म्हणतात. फळ्यांच्या फटींत झाडाच्या सालीचे तंतू ठासून भरतात. कण्यासाठी वापरतात ते उलिन लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं.

कणा जोडताना त्याची दोन्ही टोकं करवतीने कापतात. पुढचा तुकडा समुद्रात टाकायचा, मागचा घरी आणायचा. पुढचा तुकडा म्हणजे दर्यावर जाणारा नवरा, मागचा म्हणजे त्याची वाट पाहणारी बायको. २०१७ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत दक्षिण सुलावेसीची ही जहाजबांधणीची कला घेतली. पुतण्या ज्या फळ्यांवर अनवाणी फिरला, त्या याच परंपरेतल्या असतील तर तेवढ्यापुरती जाहिरात खरी होती. आता मोठ्या जहाजांत लोखंडी बोल्ट आणि विजेचे गिरमिट वापरतात, पण हाताचा अंदाज तोच आहे.

आणि जहाजावर मुक्काम का करायचा, तर डायव्हिंगच्या उत्तम जागा हॉटेलांपासून फार लांब असतात. राजा अंपातमधल्या केप क्री या एका ठिकाणी मत्स्यशास्त्रज्ञ जेराल्ड ॲलन यांनी एकाच डाइव्हमध्ये माशांच्या ३७४ जाती मोजल्या. ही जहाजं आजही मोसम बघूनच हलतात. ऑक्टोबर ते एप्रिल राजा अंपात, मग पश्चिमेला कोमोडो. इंजिन आलं, तरी वॉलेसचं वेळापत्रक पुरतं गेलेलं नाही.

शेवटच्या दिवशी पाण्यात का उतरू देत नाहीत?

हे समजायला गोटी सोड्याची बाटली डोळ्यांसमोर आणा. गोटी जागेवर आहे तोवर पाणी शांत दिसतं, कारण दाबाखाली वायू पाण्यात विरघळलेला असतो. गोटी आत ढकलली की फसफस. वायू तोच, फक्त दाब उतरला.

पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. २० मीटरवर तो जमिनीवरच्या तिप्पट. तिथे आपण त्याच दाबाची हवा श्वासात घेतो आणि हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. शरीर तो वापरत नाही, रक्तात आणि चरबीत नुसता मुरवत राहतं. सावकाश वर आलं, की तो श्वासावाटे निघून जातो. म्हणून मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नाही आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. घाई केली तर सांध्यांत आणि मज्जारज्जूत बुडबुडे धरतात. वेदना, बधिरपणा, क्वचित अर्धांग.

जहाजावरचा दिवस कसा जातो पाहा. सकाळी सहाला घंटा. चहा-बिस्किटं. मग फळ्यावर मार्करने काढलेला खडकाचा नकाशा : प्रवाह इकडून, उतरायचं इथे, टाकीत ५० बार उरले की वर. छोट्या बोटीतून जागेवर, पाठीवर बारा लिटरची टाकी, कडेवर बसून मागे गिरकी. वर आल्यावर नाश्ता. पुन्हा घंटा. अशा दिवसाला तीन, कधी चार डाइव्ह. दोन डाइव्हच्या मधल्या वेळात सगळा नायट्रोजन निघत नाही, थोडा शिल्लक राहतो आणि रोज साठत जातो. ३२ टक्के ऑक्सिजनचा ‘नायट्रॉक्स’ वायू घेतला, तर साठा कमी होतो, पण संपत नाही. त्यातही सुमारे ३३ मीटरखाली जायचं नाही, कारण तिथे ऑक्सिजनच घातक ठरतो.

आता या शरीराने विमानात बसा. विमानाच्या आतला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तेवढाच असतो. म्हणजे गोटी पुन्हा ढकलली. म्हणून अनेक दिवस सलग डायव्हिंग केल्यावर विमानाआधी किमान १८ तास कोरडे राहा, असा डायव्हिंगच्या डॉक्टरांचा सल्ला आहे. शहाणी जहाजं सरळ २४ तास धरतात. मग त्या दिवशी स्वर्गीय पक्षी दाखवायला जंगलात नेतात, नाहीतर कयाक देतात. पुतण्याला जो दिवस वाया गेलासा वाटला, तो त्या जहाजाचा सगळ्यांत प्रामाणिक दिवस होता. ‘संध्याकाळी विमान असलं तरी सकाळी एक डाइव्ह देऊ’ असं कुणी म्हणालं असतं, तर तिथून पळ काढायला हवा होता.

तुम्ही जावं का?

जावं, पण या वर्षी नाही. तारकर्लीला तुम्ही उतरलात तेव्हा शिक्षकाने तुमची टाकी धरून ठेवली होती. वर-खाली तोच करत होता, तुम्ही मासे पाहत होतात. छान अनुभव, पण तो डायव्हिंगचा परवाना नव्हे. राजा अंपात आणि कोमोडोच्या सामुद्रधुन्यांतून पॅसिफिकचं पाणी हिंदी महासागराकडे वाहतं, कारण पॅसिफिकची पातळी तिथे थोडी जास्त आहे. या प्रवाहामुळेच तिथे मासे इतके, आणि याच प्रवाहात नवखा माणूस खडकापासून दूर वाहून जातो.

आधी ‘ओपन वॉटर’ शिक्षणक्रम करा. त्यात समुद्रात किमान चार डाइव्ह असतात आणि १८ मीटरपर्यंत जाता येतं. पुढच्या ‘ॲडव्हान्स्ड’ला ३० मीटर. तारकर्लीतच महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची स्कूबाची संस्था आहे. गोवा आणि अंदमान आहेतच. मग दोन हंगाम आपल्याच पाण्यात काढा आणि प्रत्येक डाइव्ह वहीत लिहा. पुष्कळ जहाजं ही वही पाहिल्याशिवाय अवघड जागी उतरवत नाहीत. वैद्यकीय अर्जात ४५ वर्षांवरच्यांना वेगळे प्रश्न असतात : धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, घरात कुणाला लहान वयात हृदयविकार. खरी उत्तरं लिहा, आणि एका उत्तराने अडलात तर डॉक्टरांकडे जा.

पैसे भरण्यापूर्वी शिडांबद्दल विचारू नका. रात्री पहाऱ्यावर कोण जागं असतं, ते विचारा. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंग बोटीला पहाटे आग लागली आणि खाली झोपलेली ३४ माणसं गेली. बोटीवर फिरता पहारा नव्हता. म्हणून खोल्यांतून बाहेर पडायला दोन वाटा आहेत का, बॅटऱ्या कुठे चार्ज करतात, ऑक्सिजनची टाकी आहे का, बुडबुड्यांवर उपचार करणारा दाबकक्ष किती तासांवर आहे आणि तुमचा विमा त्याचा खर्च देतो का, हेही विचारा. उत्तर द्यायला जो कंटाळतो, त्याच्या जहाजावर पाय ठेवू नका.

आणि परतीचं तिकीट काढताना शेवटच्या डाइव्हनंतर पूर्ण एक दिवस मोकळा धरा. पुतण्याला तेव्हा जो दिवस जास्तीचा वाटला, तोच.