परवान्यावर सही करण्याआधी

शीव कोळीवाडा

प्रिय बाय,



महापालिकेच्या अनुज्ञापन खात्यात निरीक्षक म्हणून तुझी निवड झाल्याचं ताईने, तुझ्या आईने, फोनवर सांगितलं. बोलता बोलता तिचा गळा दाटून आला. आमच्या आईने जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी वाहिली आणि तिची नात आता परवाने तपासणार, याचा मलाही अभिमान आहे. पण काळजीही वाटते. पेढे वाटण्याच्या गडबडीत ती बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं, म्हणून पत्र लिहितो आहे. सावकाश वाच. पटलं नाही तर भांडायला ये.

माझी मतं तुला ठाऊक आहेत. लहानपणी तू माझ्या सदऱ्यावरचा लाल बिल्ला ओढायचीस, तो शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा. कोळीवाड्यातल्या दुकानदाराचा शेतकऱ्यांच्या चळवळीशी काय संबंध, असं लोक विचारायचे. संबंध होता. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून हा माणूस १९७६ साली परतला, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः कसू लागला, आणि आपल्या हिशेबाच्या वहीतून त्याला दिसलं की शेतकरी आळशी नाही, अडाणी नाही. त्याच्या मालाचा भाव सरकार पाडतं. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्यातूनच आली. १९९४ साली त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. मतं फारशी मिळाली नाहीत, पण विचार खरा होता आणि आजही आहे. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती थेट मे २०२४ मध्ये उठली. आपल्यासारख्या शहरातल्यांना कांदा स्वस्त मिळावा म्हणून लासलगावच्या माणसाने आपला माल पाडून विकायचा, हा त्याचा अर्थ. त्याला कोणी विचारलं नाही. शरद जोशींचा सगळा झगडा या न विचारण्याशी होता, आणि तुझ्या नव्या कामाशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे.

परवाना म्हणजे काय, ते बघ. एक प्रौढ माणूस आपल्या कष्टाने, आपल्या पैशाने दुसऱ्या प्रौढ माणसाला काही विकतो आहे. दोघांची राजीखुशी आहे. तिथे तिसरा येऊन म्हणतो, माझा कागद असल्याशिवाय हे चालणार नाही. कधी कधी त्या तिसऱ्याकडे खरं कारण असतं. पुष्कळदा नसतं. हे कारण आहे की नाही, एवढं तपासण्याची सवय तू पहिल्या दिवसापासून लावून घ्यावीस, यासाठी हे पत्र आहे.

आपल्या स्टेशनबाहेरच्या रस्त्याचं उदाहरण घे. फाळणीनंतर पंजाब-सिंधमधून उघड्यावर पडलेली माणसं इथल्या छावणीत आली. पंजाबी कॅम्प हे नाव अजून तोंडात आहे आणि कोळीवाडा स्टेशनाचं नाव पुढे गुरु तेगबहादूर नगर झालं. त्या माणसांकडे भांडवल नव्हतं, इथली भाषा नव्हती, ओळखी नव्हत्या. शेजारी आपले कोळी होते आणि खाडीची कोळंबी होती. त्यांनी ती आपल्या पद्धतीने बेसन-ओवा लावून कढईत सोडली. आज देशभरातल्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर ‘प्रॉन्स कोळीवाडा’ असतो, तो या रस्त्यावरून गेलेला. कोळंबी आमची, मसाला त्यांचा. कोणत्याही नियोजन मंडळाने असं काही ठरवलं नव्हतं, ठरवताही आलं नसतं. ज्याला पोट भरायचं होतं त्याने शेजाऱ्याला काय आवडेल ते शोधलं, इतकंच. आज तसाच एखादा निर्वासित कढई घेऊन त्या फुटपाथवर बसला, तर बाय, तुझी गाडी त्याला उचलायला येईल.

कायद्याने येईल, हे मला मान्य आहे. १८८८ च्या महापालिका कायद्याचं कलम ३१३ अ सांगतं की रस्त्यावर विकायचं तर परवाना हवा आणि कलम ३१४ खाली नोटीस न देता माल उचलता येतो. पण परवाना मिळतो कुठे? मुंबईत फेरीवाल्यांना नवे परवाने देणं कित्येक दशकांपूर्वीच थांबलं. परवानेवाले काही हजार आणि विकणारे लाखांच्या घरात. म्हणजे ज्या कागदाशिवाय धंदा बेकायदा, तो कागद द्यायचाच नाही! अशा वेळी रोज सकाळी गाडी लावणारा भाजीवाला रोज सकाळी गुन्हेगार ठरतो, आणि रोजच्या गुन्हेगाराकडून रोजचा हप्ता घेता येतो. हप्त्याचं मूळ माणसांच्या लबाडीत आहे असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, मूळ त्या न दिलेल्या कागदात आहे. उद्या परवाना खुला करा, फी ठरवा, खिडकीवर भरून घ्या. हप्ता मागणाऱ्याकडे विकायला काही उरणारच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग खटल्यात सांगितलं की रस्त्यावर व्यापार करणं हा घटनेच्या १९(१)(जी) खालचा मूलभूत हक्क आहे, वाजवी बंधनं घालता येतील. २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा आला. त्यात विक्रेत्यांची दर पाच वर्षांनी पाहणी, विक्री प्रमाणपत्र, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना. पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणाला हटवायचं नाही, असंही त्यात आहे. मला हा कायदा पुरता पटत नाही. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंतच विक्रेते सामावायचे, हा आकडा कोणी आणि कसा ठरवला? शहराला किती भाजीवाले लागतात हे गिऱ्हाईक ठरवतं. तरीही आधी जे होतं त्यापेक्षा हा कायदा पुष्कळ माणुसकीचा आहे, आणि तुझ्या हातात तोच आहे.

बंदी घातली की काय होतं, हे आपल्याइतकं जवळून फार थोड्या वस्त्यांनी पाहिलं असेल. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. पिणारे थांबले नाहीत, विकणारे बदलले. ज्याला पोलिसांची भीती वाटत होती तो सरळमार्गी माणूस धंद्यातून बाहेर पडला आणि ज्याला पोलीस सांभाळता येत होते तो राहिला. धारावी, अँटॉप हिल, आपला कोळीवाडा या पट्ट्यात खाडीकडेच्या चिखलात हातभट्ट्या लागल्या, आणि व्हीटी स्टेशनावर हमाली केलेला वरदराजन मुदलियार त्या दारूच्या जोरावर वरदाभाई झाला. माणसं त्याच्याकडे तंटे सोडवायला जायची. दारूबंदी करणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता याबद्दल मला शंका नाही. गांधीजींच्या विचारांची माणसं होती ती. पण आपल्या गल्लीला त्या हेतूपायी गुंडांचं राज्य मिळालं. आणि कागदावर तो कायदा अजून आहेच. आजही महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांचा. तो कोण काढतं? ज्याला त्रास द्यायचा असेल त्याच्याविरुद्ध वापरायला मात्र तो कायदा हाताशी राहतो. असे झोपलेले नियम फार धोक्याचे, बाय. ते सगळ्यांना सारखे लागत नाहीत. ज्याची ओळख नाही त्यालाच लागतात.

भाडे नियंत्रणाचंही तेच. लढाईच्या काळातली टंचाई म्हणून भाडी १९४० च्या पातळीला गोठवली, १९४७ च्या कायद्याने ते पक्कं केलं आणि मग कोणाची ते नियंत्रण उठवायची छाती झाली नाही. मालकाने डागडुजी कशातून करायची? चाळी कुजल्या, पागडी काळ्या पैशात फिरू लागली, नवीन भाड्याची घरं बांधणं थांबलं. शेवटी १९६९ साली उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. एका हस्तक्षेपाचं नुकसान भरून काढायला दुसरा! १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की ही गोठवलेली भाडी आता मनमानी आणि गैरवाजवी झाली आहेत. पन्नास वर्षांनी.

याउलट एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी नुसता रडगाणं गातो असं तुला वाटायला नको. १९४८ च्या दुकाने आस्थापना कायद्यात दुकान कधी उघडायचं, कधी बंद करायचं, आठवड्याला कोणत्या वारी कुलूप लावायचं, सगळं सरकार ठरवायचं. गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा दाखला, नसेल तर दुकानाच्या नावाने बँकेत खातं उघडणंही अवघड जायचं. २०१७ चा नवा कायदा आला. दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानाला नोंदणीची गरज उरली नाही, नुसती माहिती कळवली की झालं, आणि दुकानं रात्रंदिवस उघडी ठेवायची मुभा मिळाली. त्या वेळी काय काय अनर्थ होतील म्हणून सांगितलं जात होतं. दहा किंवा जास्त नोकर असलेल्या दुकानांत आठवड्याची सुटी कायद्यात कायम राहिली, ती राहायलाच हवी होती. बाकी ज्याला रात्री दहाला बंद करायचं होतं तो दहालाच करतो. सरकारने हात काढून घेतला आणि कोणाचंही काही बिघडलं नाही.

तुझी आई विचारेल, मग काय सगळं मोकळं सोडायचं? नाही. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबना आग लागली आणि १४ जीव गेले. गिऱ्हाइकाला आत बसून कळत नाही की बाहेर पडायचा जिना मोकळा आहे का, डोक्यावरचं छत पेट घेणारं आहे का. तिथे निरीक्षकाचे डोळे हवेत, आणि कडक हवेत. कोणी फुटपाथ इतका अडवला की म्हातारीला रस्त्यावर उतरून चालावं लागतं, तिथेही तू बोलायला हवंस. सिलिंडर उघड्यावर, मासळी सडलेली, वजनं-मापं खोटी: इथे दया दाखवू नकोस. दुसऱ्याला इजा होते का, दुसरा फसवला जातो का, एवढाच माझा निकष आहे. मालाचं रूप तुला आवडत नाही, दुकानदार परप्रांतीय आहे, समोरच्या मोठ्या दुकानाने तक्रार केली आहे, ही कारणं नव्हेत. ते तिसरं तर मुळीच नव्हे. बहुतेक तक्रारी करणारा रस्त्यावरच्या माणसाचा प्रतिस्पर्धी असतो. तक्रार कोणाची आहे ते आधी वाचत जा.

आणि घराचं म्हणशील तर एका सरकारी शेऱ्याने काय होतं ते आपण सोसलं आहे. कोळीवाडे या शहराच्या आधीचे. तरी १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली कोणी अधिकारी लिहितो की ही झोपडपट्टी, आणि पिढ्यान् पिढ्यांच्या घराचा मालक एका ओळीत लाभार्थी होतो. पुनर्वसनाला आधी सत्तर टक्के संमती लागायची, मग एक्कावन्नवर आली. उरलेल्यांच्या घराचा निर्णय शेजाऱ्यांच्या सह्यांनी कसा होतो? २०१२ साली आपल्याकडे घरं पाडली गेली आणि आडव्या गेलेल्या बायकांना अटक झाली, तेव्हा तू शाळेत होतीस; तुझ्या मावशा काय बोलत होत्या ते तू ऐकलं आहेस. मालकी म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं कॉलेजात कोणी तुला शिकवलं असेल. त्या बायकांना विचार.

आता कामाचं. कारवाईला पाठवलं तर जा, नोकरी आहे. पण २०१४ च्या कायद्याची कलमं १८ आणि १९ पाठ कर. जागेवरून उठवायचं तर तीस दिवसांची नोटीस. माल जप्त केलास तर जागेवरच यादी करायची, त्यावर सही करायची आणि प्रत त्या माणसाच्या हातात द्यायची. ठरलेली फी भरून त्याने माल मागितला तर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल कामाच्या दोन दिवसांत परत. मासळी नाशवंत आहे हे तुला कोणी समजावून सांगायला नको. बांगड्याची पाटी दुसऱ्या दिवशी परत देणं म्हणजे त्या बाईचं भांडवल बुडवणं. पहाटे धक्क्यावर तिने ते उधारीने उचललेलं असतं आणि संध्याकाळी फेडायचं असतं. यादी करायला वेळ नाही असं गाडीवरची माणसं म्हणतील. तू करायला बस. गाडी थांबेल.

साहेबांनी तोंडी सांगितलं की अमुक दुकान टाळ, तमुक उचल, तर नम्रपणे म्हण, लेखी द्या. बहुधा मिळणार नाही, आणि तेवढ्यावर काम थांबेल. अर्ज आला तर मुदतीत निकाली काढ. नाकारायचा असेल तर कारण लिही, कलमासकट. अर्ज नुसता टेबलावर ठेवण्यानेही माणूस उपाशी राहतो.

कायद्याची मराठी प्रत ताईकडे दिली आहे. लागतील त्या पानांना खूण केली आहे. रुजू व्हायच्या आधी एकदा वाच, आणि जिथे माझं चुकतंय असं वाटेल तिथे समासात लिहून मला परत पाठव.

तुझा,
मामा