पट्टी एकाची, उचल दुसऱ्याची

दसरा जवळ आला की कंधारच्या मोंढ्यात सोयाबीनची पोती यायला लागतात. माप झालं की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. वर वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल. एका अडत दुकानासाठी ही पट्टी कंप्युटरवर काढून द्यायचं काम गावातल्याच एका मुलीने अंगावर घेतलं. नांदेडला बीसीएला होती, पायथन बऱ्यापैकी हातात बसलं होतं.

तिने ‘पट्टी’ नावाचा क्लास लिहिला. क्लासच्या माथ्यावरच तीन गोष्टी मांडल्या: क्रमांक शून्य, हमालीचा दर, आणि ‘कपाती’ नावाची रिकामी लिस्ट. घरी एकच पट्टी काढून पाहिली तेव्हा सगळं बरोबर होतं. मोंढ्यात दुसरी पट्टी निघाली आणि गडबड उघडी पडली. तिच्यावरही क्रमांक एकच. शिवाय पहिल्या शेतकऱ्याची पाच हजारांची उचल दुसऱ्याच्या हिशोबातून वजा.

“म्या कवा उचल घेतली वो?” त्याने विचारलं. बरोबरच विचारलं.

दोन्ही बिघाडांचं मूळ एक असूनही लक्षणं उलटी होती. जो क्रमांक सगळ्यांत मिळून वाढायला हवा, तो वाढत नव्हता. जी यादी प्रत्येकाची वेगळी हवी, ती सगळ्यांची एक झाली होती. नवशिका इथेच गोंधळतो. क्लासवरचा व्हेरिएबल म्हणजे दुकानाच्या भिंतीवरचा भावफळा. पट्टीवर एखादी गोष्ट सापडली नाही तर पायथन मान वर करून फळ्यावर बघतो. लिहायची वेळ आली की मात्र तो फळ्याला हात लावत नाही, समोरच्या पट्टीवर लिहितो. म्हणून ‘सेल्फ.क्रमांक’मध्ये एक मिळवा म्हटलं की शून्य फळ्यावरून वाचलं जातं, एक पट्टीवर उतरतो आणि फळ्यावर शून्य तसंच राहतं. लिस्टचं निराळं. ‘सेल्फ.कपाती’ला ‘अपेंड’ करताना नव्याने काही लिहिलं जात नाही. आहे त्याच, सामाईक लिस्टमध्ये भर पडते.

हे कळल्यावरची दुरुस्ती दोन ओळींची होती. क्रमांक वाढवताना सेल्फऐवजी क्लासचं नाव घ्यायचं: ‘पट्टी.क्रमांक’. आणि रिकामी लिस्ट ‘इनिट’च्या आत बनवायची, म्हणजे प्रत्येक पट्टीला आपली स्वतःची मिळते. आता ती मागून येणाऱ्या पोरांना हेच सांगते, आणि एक सवयही लावते: टेस्ट करताना ऑब्जेक्ट नेहमी दोन बनवा. एका ऑब्जेक्टवर ही चूक दिसतच नाही. शंका आली तर ‘व्हार्स’ फंक्शनला ऑब्जेक्ट द्या. ऑब्जेक्टच्या स्वतःच्या नावावर काय आहे तेवढंच ते दाखवतं. २०१८ साली पायथन ३.७ मध्ये आलेला डेटाक्लास तर फील्डला अशी थेट लिस्ट दिली की एररच देतो.

जावावाल्यांनी हसू नये. तिथे क्लासच्या व्हेरिएबलला स्टॅटिक म्हणतात आणि तो ऑब्जेक्टच्या नावाने वाचला तरी कंपायलर चालवून घेतो. ऑब्जेक्टचा व्हेरिएबल नल असला तरी स्टॅटिक फील्ड बिनतक्रार मिळतं, कारण ते कोणत्या क्लासचं हे कंपायलरने आधीच ठरवलेलं असतं. कोड वाचणाऱ्याला मात्र ते त्या ऑब्जेक्टचंच वाटतं. दोन थ्रेड एकाच वेळी स्टॅटिक क्रमांक वाढवू लागले तर दोघांना एकच आकडा मिळू शकतो, ते वेगळंच.

क्लासमधून क्लास काढला की आणखी एक पेच. पायथनमध्ये सोयाबीनपट्टी आणि हरभरापट्टी असे दोन उपक्लास केले आणि क्लासमेथडमधून ‘सीएलएस.क्रमांक’ वाढवला, तर दोघांचे क्रमांक वेगवेगळे चालू होतात. रुबीत दोन ॲट लावलेला व्हेरिएबल मूळ क्लास आणि त्याचे उपक्लास मिळून एकच असतो. दुकानाला एकच वही हवी की मालागणिक वेगळी, हे आधी मालकाला विचारावं. भाषेने परस्पर ठरवू नये.

पुढे तोच प्रोग्रॅम तिने वेबसर्व्हरवर चढवला, तेव्हा क्रमांक तिने क्लासवरून काढूनच टाकला. सर्व्हरवर एकाच प्रोग्रॅमच्या अनेक प्रोसेस चालतात आणि प्रत्येकीपाशी क्लासची आपापली प्रत असते. लाईट गेली, मशीन पुन्हा चालू झालं, की मोजणी परत शून्यावर. पावतीचा क्रमांक डेटाबेसनेच द्यावा, हे माझंही मत.

हमालीचा दर तिने क्लासवरच ठेवला, कारण तो खरोखर सगळ्यांचा एक असतो. पण हंगामाच्या मध्ये दर वाढला, तो फळ्यावर बदलला आणि मेमरीतली जुनी पट्टी पुन्हा छापायला घेतली, तर तिच्यावर नवा दर लागतो. म्हणून पट्टी बनतानाच त्या दिवशीचा दर तिच्यावर उतरवला जातो, आणि बेरीज-वजाबाकी त्याच आकड्यावर होते.