चालती वाट आणि मोकळे मन

सज्जनहो, पायी वारी करणारे कितीतरी माळकरी एकच प्रश्न विचारतात. “महाराज, पाय पंढरीच्या वाटेवर, टाळ हातात, पण मन मात्र घरच्या गोठ्यात नि शेताच्या बांधावर भटकते. अशी वारी देवाला पोचते का हो?” प्रश्न खरा आहे. या धास्तीने कित्येक भाविक मनातून खचतात. म्हणून त्याचा थोडा विचार करू.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. क्षिप्त म्हणजे सारखे इकडून तिकडे फेकले जाणारे. मूढ म्हणजे झापड आलेले. विक्षिप्त या नावाला भिऊ नका. व्यवहारातला तऱ्हेवाईक असा अर्थ येथे नाही. भटकते खरे, पण मधून मधून ठिकाणावर येते, असे चित्त ते विक्षिप्त. म्हणजे अशा मनालाही शास्त्राने पायरी दिली आहे, आणि तिच्या वरची पायरी एकाग्रतेचीच आहे!

आता भटकण्यातही भेद आहे. घाण्याचा बैल दिवसभर चालतो, पण पोचत कोठेच नाही. काळजी करणारे मन तसे असते. रानात सोडलेली गाय चार ठिकाणी तोंड घालते, पण दिवेलागणीला आपल्या पायांनी गोठ्यात येते. तेव्हा भिण्यासारखे काही असेल तर तो घाणा, चरणे नव्हे.

याचा दाखला आमच्या वर्धा जिल्ह्यातच आहे. १९३८ साली विनोबांची प्रकृती फार खालावली. वजन अवघे ८८ पौंड उरले. गांधीजींना चिंता पडली. थंड हवेच्या ठिकाणी न जाता विनोबा धाम नदीकाठी पवनारला जमनालालजी बजाजांच्या बंगल्यात राहायला गेले. नदीचा पूल ओलांडतानाच त्यांनी संन्यासाचा संकल्प उच्चारून आश्रमाची नि कामांची सारी काळजी मनातून उतरवली. मग मोकळ्या हवेत शेत खोदायला लागले. पहिल्या दिवशी पाचच मिनिटे. रोज थोडे वाढवीत पुढे दोन तासांपर्यंत. दहा महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेले. अहो, कुदळ तर आपला शेतकरीही रोज मारतो. पण डोक्यावर कर्जाचे नि भाऊबंदकीचे ओझे ठेवून मारतो. विनोबांनी आधी ओझे उतरवले, मग कुदळ उचलली. पुढे तेथील जमिनीतूनच भरत-राम भेटीचे शिल्प निघाले. आजही ते पवनारच्या आश्रमात आहे.

मग आपण करावे काय? सकाळी फिरायला निघा, शेतावर जा, की दिंडीत चाला; पहिला काही वेळ मनाला मोकळे सोडा. झाडे पाहू दे, जुन्या आठवणी येऊ दे. मोबाईल कानाला लावून त्याला नव्या कामास जुंपू नका. मात्र हिशेब, भांडण, पैसा यांची फेरी सुरू झाली की ओळखा, घाणा लागला! तेथे मनाशी झटापट नको. हळूच नाम घ्या. वाटेत वड, विहीर, देऊळ दिसले की तेथेही एकदा नाम, असा नेम धरा. आणि रस्त्यावर मोटारी फार झाल्या आहेत. मन मोकळे असावे, डोळे नव्हेत.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने मन वाऱ्यासारखे आवरायला कठीण म्हटले, तेव्हा भगवंतांनी ते नाकारले नाही. अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगितले. त्याच अध्यायात, मन जेथे जेथे जाईल तेथून परत आणावे, असेही सांगितले आहे. परत आणावे म्हटले, त्यात जाणे गृहीतच आहे. तेव्हा किती वेळा गेले ते मोजू नका. जितक्या वेळा परत आणाल तितका अभ्यास पदरी पडला म्हणा.

वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपुराहून रुक्मिणीमातेची पालखी पायी पंढरपुरास जाते. एवढ्या लांबच्या वाटेत कोणाचे मन भटकत नाही? पण टाळाचा ठेका चुकला की कान सावध होतो आणि मुखी पुन्हा नाम येते. वारी देवाला पोचते ती अशी, परतून परतून. म्हणून धास्ती टाका नि चालत राहा.

रामकृष्ण हरी!