पायथनचा धडा : बेरीज का चुकते?

समजा, शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर आपण १२ डॉलरचे तांदूळ व ८ डॉलरची डाळ घेतली. घरी येऊन पायथन भाषेत छोटासा प्रोग्राम लिहिला. दोन्ही रकमा 'इनपुट'ने विचारल्या, बेरीज छापली. उत्तर २० यावयास पाहिजे, आले १२८!

यंत्र बिघडलेले नाही. 'इनपुट'ने घेतलेली रक्कम पायथन अक्षरे म्हणून धरतो, आणि अक्षरांमध्ये अधिक चिन्ह आले की ती नुसती एकापुढे एक जोडतो. याकरिता प्रत्येक 'इनपुट' 'इंट'च्या कंसात घालावे, म्हणजे २० येतील. देवनागरी आकडे टाईप केले तरी 'इंट'ला ते समजतात. मात्र १२.५० अशी रक्कम दिली की तो अडतो. तेथे 'फ्लोट' वापरावा.

अडला की इंग्रजी ओळींची रांग दिसते व नवशिके घाबरतात. घाबरू नये. शेवटची ओळ आधी वाचावी. चूक काय ते तेथे लिहिलेले असते. तिच्या वर ओळीचा क्रमांक मिळतो.

बोलणारी चूक लवकर सापडते. १२८ मात्र मुकाट्याने येतात. म्हणून एक सोपा हिशेब प्रथम तोंडी करावा, मग यंत्राचे उत्तर ताडून पाहावे.