पद्मिनीच्या चाकांचे गणित

निगडीच्या मामाची १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी सजवायची म्हणून मी कुदळवाडीच्या भंगारातून १३ इंची अलॉय आणले. बोल्टची भोके जुळली, मी खूश!

मूळ चाके १४ इंची, पत्र्याची. दोन्हींवर १५५/८० टायर धरा: व्यास ६०४ वरून ५७८ मिमीवर येतो. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा खरा वेग साडेसत्तावन्न. हे एकवेळ चालेल. पण अलॉय जाड असते. फियाट घराण्यात चाक नटाने नाही, बोल्टने आवळतात; पकड निदान बोल्टच्या व्यासाइतकी हवी. आमचे जुने बोल्ट हबमध्ये जेमतेम तीन आटे धरत होते! मामा म्हणाला, "अरे, हायवेला चाक पुढे जाईल आणि आपण मागे."

पत्र्याची चाके परत बसवली. राहिल्या व्हीलकॅप. हीच गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी. त्यामुळे 'फियाटचीच आहे' म्हणत कुठलीही कॅप गळ्यात मारतात. आम्ही आरसी बुकातले साल पाहिले, मामाच्या लग्नातला गाडीचा फोटो भिंगाखाली धरला. तीन कॅप जुळल्या. चौथीसाठी दर रविवारी भंगाराच्या दुकानांतून हिंडतोय. कुणाकडे असेल तर रूमवर या, चहा माझा.